टेंभरूला कोणी मारायचं नाही

"वाकू नका! गुणवंतभाऊ, वाकू नका म्हटलं ना!"

इंदुताई नाकाडेंची आरोळी अशी काही आली, की किराणा दुकानवाले गुणवंतराव होते तिथेच थिजले. दुकानाची किल्ली त्यांच्या हातून रस्त्यावर पडली होती आणि ते ती उचलायला निघाले होते. एक हात गुडघ्यावर, दुसरा हवेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साठी उलटलेला माणूस, कंबर आधीच कुरकुरणारी, आणि तिला मध्येच असं टांगून ठेवलेलं.

"किल्ली पडली वो बाई माही."

"पडू द्या. आधी उकिडवे बसा, मंग उचला. असे सपकन वाकले का त्याले वाट्टे, गोटा उचलून राह्यले."

"तो तं पाह्यतही नाई माह्याकडे!"

हे मात्र खरं होतं. 'तो' गुणवंतरावांच्या डाव्या पायातली चप्पल सोडवण्यात गुंतला होता. अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू, पोट नगाऱ्यासारखं, कान एक उभा आणि एक आडवा, रंग पिकल्या टेंभरासारखा पिवळा. टेंभरू म्हणजे तेंदूच्या झाडाचं फळ. बोडीटोल्यातली पोरं उन्हाळाभर ते खात हिंडतात, म्हणून पोरांनीच पिल्लाचं नाव ठेवलं टेंभरू.

गुणवंतराव हुं-हुं करत उकिडवे बसले, किल्ली उचलली, भिंतीला धरून उभे राहिले आणि जाता जाता म्हणाले, "बाई, कुत्रं तुमचं, कवायत आमची."

बोडीटोला हा टोला, म्हणजे छोटी वस्ती, वडशापासून फार लांब नाही, पण बस आत येत नाही आणि जंगल मात्र थेट घराच्या मागच्या कुंपणापर्यंत येतं. असल्या टोल्यात कुत्र्यासाठी एवढे कायदे कोणी केले नव्हते. हात नाही, काठी नाही, चप्पल नाही, गोटा नाही. गोटा उचलायचं सोंगही नाही. आणि हे कायदे इंदुताईंनी काही दयेपोटी केले होते असं कोणी समजू नये. इंदुताई दयाळू वगैरे नव्हत्या. कोंबडी त्या स्वतःच्या हाताने कापत आणि उंदराला बघून त्यांचा डोळा लकाकत असे. गोष्ट वेगळी होती.

बोडीटोल्यात जंगलात जाणारा माणूस काठीशिवाय जात नाही. वाघ काठीला भितो असं कोणाचंच म्हणणं नाही, पण हात रिकामा बरा वाटत नाही. इंदुताईंचं आधीचं कुत्रं होतं काळ्या. त्याला त्यांच्या नवऱ्याने, हेमराजने, लहानपणी काठीने शिस्त लावली होती. शिस्त लागली, पण अशी लागली, की काठी दिसली की काळ्या गायब. इंदुताई मोहाची फुलं वेचायला जंगलात निघायच्या, कोपऱ्यातली काठी हातात घ्यायच्या, आणि ज्या घडीला कुत्रं सोबत हवं नेमक्या त्याच घडीला ते दोन घरं पलीकडे कोणाच्या तरी चुलीमागे जाऊन बसायचं. टोल्यातल्या बाकी बायांची मोहाची झाडं नाल्याच्या अलीकडे. इंदुताईंची नाल्याच्या पलीकडे. नाल्यापर्यंत घोळका, पुढे एकटी. मागच्या वर्षी त्या मोठमोठ्याने स्वतःशीच भांडत पलीकडे गेल्या होत्या, म्हणजे झुडपात कोणी असलंच तर त्याला ऐकू जावं. तरी शेवटी शेवटी पाय उचलेना. निम्मा मोह झाडाखालीच सोडून दिला. तो रानडुकरांनी खाल्ला.

म्हणून यंदा आधीच पिल्लू आणलं. हे यंदा शिकेल, पुढच्या मोहाला काठीसोबत चालेल, पुढे जाऊन वास घेईल, गुरगुरेल. त्याच्या मनात काठीची भीती शिरता कामा नये, एवढंच इंदुताईंचं शास्त्र.

"अन् त्याले शिकवणार कसं?" हेमराजने विचारलं होतं.

"अंगणवाडीत कसं शिकवतो? तिथी पोट्ट्याइले हात लावायची सोय हाये का?"

इंदुताई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यामुळे त्यांच्याकडे दोन आवाज होते. एक अंगणवाडीचा, गुळात भिजवलेला, शेवट वर वर चढत जाणारा: "शाब्बाऽऽस, शाणा माहा राजा तोऽऽ!" दुसरा मोठ्या माणसांसाठी, धानगिरणीचा पट्टा सुटल्यावर होतो तसा. टेंभरू आल्यापासून दोन्ही आवाज एकाच दमात निघायला लागले. रस्त्याने जाणाऱ्याला कळेना, की शाब्बास कोणाला आणि पट्टा कोणावर.

"हे कुत्रं नाई," हेमराज चावडीवर सांगायचा, "हा जावई हाये. जावयालेच मारत नाई कोणी. वाढा अन् पाह्यत बसा."

पहिले पंधरा-वीस दिवस तर जावयाने घोटे फोडले. टेंभरूच्या दुधाच्या दातांना सुईसारखी धार होती आणि इंदुताईंच्या साडीच्या काठाखाली जे काही हलेल ते त्याच्या मालकीचं होतं. त्यावर इंदुताईंचा उपाय असा, की चावला की बोलणं बंद, खेळणं बंद, भिंतीकडे तोंड करून खांबासारखं उभं राहायचं. तो कंटाळून सोडेपर्यंत.

एकदा त्या अशा खांब होऊन उभ्या असताना शेजारच्या कलाबाई विरजण मागायला आल्या.

"काय वो इंदू?"

इंदुताई गप्प. टेंभरू घोट्याला लोंबकळलेला, पण तो पलीकडच्या बाजूने. कलाबाईंना तो दिसला नाही.

"इंदू? भांडण झालं का हेमराजभाऊसंगं? काऊन अशी भितीकडे पाह्यतं?"

इंदुताईंनी दात आवळले. बोललं की पिल्लाला वाटणार खेळ सुरू झाला. कलाबाई दोन पावलं मागे सरकल्या, वाटी तिथेच ठेवली आणि गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या हातात निंबू आणि मागे दोन बाया घेऊन. तोवर टेंभरूने घोटा सोडला होता आणि इंदुताई त्याच्यापुढे टाळ्या वाजवत "शाब्बाऽऽस माह्या राजा" म्हणत होत्या. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"उतरलं वाट्टे," एक हळूच म्हणाली.

त्यावर टेंभरू धावत गेला आणि कलाबाईंच्या घोट्याला लोंबकळला. कलाबाईंनी निंबू उगारलं.

"मारू नका!" इंदुताई ओरडल्या. "भितीकडे तोंड करा!"

अशा रीतीने त्या दिवशी इंदुताईंच्या अंगणात तीन बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हेमराज शेतावरून आला, त्याने पाहिलं, आणि काही न विचारता परत शेतावर गेला.

पण ते चावणं तरी सुटलं. घरात घाण करणं सुटलं. खाणं झालं की इंदुताई त्याला काखेत मारून मागच्या कुंपणापाशी नेत आणि तो आटोपेपर्यंत डोळे मिटल्यासारखं करून उभ्या राहत. कारण पाहिलं की तो लाजायचा, असं त्यांचं म्हणणं. खाटेची दोरी कुरतडणंही सुटत आलं. इंदुताईंना वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात मोह गळायला लागला.

मोहाचे दिवस म्हणजे बोडीटोल्यात कोणाला कोणाशी बोलायला सवड नसते. पहाटे टोपल्या घेऊन निघायचं, झाडाखाली पसरलेली पिवळसर, रसाळ फुलं वेचायची, घरी आणून सारवलेल्या अंगणात पातळ पसरायची आणि ती वाळून तपकिरी होईस्तोवर राखायची. शेळ्यांपासून, कोंबड्यांपासून, पोरांपासून. अख्ख्या टोल्याला त्या गोड, जड वासाची गुंगी असते.

इंदुताई मोह पसरून, हातपाय धुऊन अंगणवाडीत गेल्या. परत आल्या तर अंगणाच्या मधोमध, नीट गोल खड्डा करून, टेंभरू मोहात झोपलेला. जणू कोणी त्याच्यासाठी गादी घातली होती. बाजूला एक ओला गोल. तेवढा मोह फेकावा लागला.

"आत्याबाई, तुमचं लक्ष कुठी होतं?"

आत्याबाई म्हणजे रुखमाबाई, इंदुताईंच्या सासूबाई. दिवसभर ओसरीत खाटेवर बसून अंगण राखणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "लक्ष होतं ना. पाह्यत होती मी."

"मंग हाकललं काऊन नाई?"

"हाकलू कशी? तू म्हणतं काठी घेऊ नका, वाकू नका, ओरडू नका. मी का मंत्र मारू?"

संध्याकाळी इंदुताईंनी शिकवणी सुरू केली. मोहाच्या कडेला, कडुनिंबाखाली, एक रिकामं पोतं टाकलं. टेंभरू मोहाकडे वळला की जिभेने टॉक् आवाज करायचा, पोत्यावर थाप मारायची, तो पोत्यावर आला की शाब्बास आणि भाताचं एक शीत. एक शीत म्हणजे एकच. दोन दिवसांत टेंभरू शिकला. इंदुताई अंगणात असल्या की तो मोहाच्या कडेने असा चालायचा, जसा नवा नवरदेव सासरच्या अंगणात चालतो. पोत्यावर बसून राहायचा. इंदुताईंनी हेमराजला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. आता दुपारी पाह्य."

आणि दुपारी आल्या की तेच. मधोमध खड्डा, खड्ड्यात टेंभरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन खड्डे. इंदुताई आल्या की तो उठायचा, शेपूट हलवायचा, कानात मोहाचं फूल अडकलेलं, आणि सरळ चालत पोत्यावर जाऊन बसायचा. म्हणजे पोतं माहीत होतं! मोहावर जायचं नाही हेही माहीत होतं! त्याच्या तोंडाकडे बघून इंदुताईंना वाटायचं, हे कुत्रं आपली टिंगल करून राह्यलं आहे.

एका दुपारी त्यांचा हात खरंच वर गेला. पार खांद्याच्या वर. टेंभरू मान तिरपी करून त्या हाताकडे बघत राहिला, त्यातून काय पडतं म्हणून. इंदुताईंनी तो हात तसाच वळवला आणि बाजूच्या प्लास्टिकच्या बादलीवर हाणला. बादलीला मारायचं नाही असा कायदा नव्हता. बादलीला तडा गेला. त्यावर रुखमाबाई म्हणाल्या, "बादली काय शिकली आता?"

त्याच रात्री जेवताना हेमराजने सिरोंच्याला फोन लावला. सिरोंच्यात इंदुताईंचा मामेभाऊ मिथुन राहतो. गोदावरीच्या काठी त्याची मिरचीची शेती, घरात अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि बोलण्यात कोणतं अर्धं कधी येईल त्याचं त्यालाच माहीत नसतं.

"हाव, पिल्लू हाये ना. गोमटं हाये. तू वडशाले लग्नाले येऊन राह्यला ना? मंग घेऊनच जाजो."

इंदुताईंच्या हातातला घास ताटात पडला. "कोणाले विचारून?"

"मोहाले विचारून," हेमराज म्हणाला. "मागच्या साली अर्धा तुह्या झाडाखाली डुकराइनं खाल्ला, यंदा अर्ध्यावर अंगणात कुत्रं मुतलं. आपण का वास घेऊन जगायचं? मिथुन येईस्तोवर पाह्यतो. त्याच्या डोळ्यादेखत मोहावर गेला, तं त्याच्या पिशवीत गेला. नाई गेला, तं राह्यला. झालं?"

त्यावर इंदुताई बोलल्या, पण भांड्यांशी. त्या रात्री ताट-वाट्यांचा जो आवाज झाला तो गुणवंतरावांच्या दुकानापर्यंत गेला.

मिथुन यायला चार दिवस होते, तेव्हा एकदा अंगणवाडी लवकर सुटली. सेविका रंजीता मॅडमना बैठकीचा निरोप आला, खिचडी वाटून झाली, पोरं घरी. इंदुताई मागच्या वाटेने आल्या. बांबूच्या कुंपणाशी पोहोचल्या आणि आतून रुखमाबाईंचा लाडिक आवाज ऐकून थांबल्या. रुखमाबाईंचा लाडिक आवाज त्यांनी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता.

"ये माह्या बाप्पा, ये, उठ तिथून. सून येईन ना आता. हे घे. घे, घे."

इंदुताईंनी कुंपणाच्या फटीला डोळा लावला.

टेंभरू तोंड चाटत पोत्यावर येऊन बसला होता. नीट, शहाण्यासारखा. रुखमाबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. थोडा वेळ तो बसला. मग उठला, आळस दिला, चालत मोहाच्या कडेला गेला आणि पुढचा एक पाय मोहावर ठेवला. आणि थांबला. मान वळवून रुखमाबाईंकडे पाहिलं.

"आता गं बाई! गेला का परत? ये ये ये!" रुखमाबाईंनी पदराच्या गाठीतून मूठभर मुरमुरे काढले आणि खाटेपाशी टाकले. टेंभरू आला, मुरमुरे खाल्ले, पोत्यावर गेला. रुखमाबाईंनी गाठ बांधली. थोड्या वेळाने टेंभरू उठला, आळस दिला, मोहाच्या कडेला गेला.

मग रस्त्यावरून कलाबाई गेल्या. "अवो मावशी, गेलं ना कुत्रं मोहावर! थांबा, थांबा." त्यांनी डोक्यावरच्या टोपलीतून सुकटीचं एक डोकं काढून कुंपणावरून टाकलं. टेंभरू मोहातून उडी मारून तिकडे. मग गुणवंतराव. ते आधी उकिडवे बसले, कायद्याप्रमाणे, आणि मग कुंपणाखालून बिस्किट सरकवलं. "इकडी ये रे शाण्या. बाई पाह्यतीन तं माही कंबर मोडतीन."

इंदुताई कुंपणामागेच मातीत बसल्या. कुत्रं शिकलं होतं! फार चांगलं शिकलं होतं. पोत्यावर बसून एक शीत, आणि मोहावर पाय ठेवला की मुरमुरे, सुकट, बिस्किट. या हिशेबात कोण मूर्ख पोत्यावर बसेल? त्यांनी माणसांना मारू दिलं नाही, म्हणून माणसं पिल्लाला लाच देत होती. अख्खी गल्ली. लाच थांबली की तो मोहातच पुढच्या लाचेची वाट पाहत झोपायचा. आणि ज्याने चूक करायची त्यालाच सगळे मिळून पगार देत होते.

"आत्याबाई!" धानगिरणीचा पट्टा सुटला.

पुढचे तीन दिवस टोल्याने जे भोगलं ते टेंभरूने कधी भोगलं नसेल. इंदुताई घरोघर गेल्या. "मोहावर दिसला तं काईच करायचं नाई. बोलायचं नाई, टाकायचं नाई, पाह्यचंही नाई. पोत्यावर दिसला तं द्या."

"पोत्यावर तं तो चांगलाच बसला असते," कलाबाई म्हणाल्या. "चांगल्याले कायले द्यायचं? खोडी काढते त्याले देऊन गप करायचं. मी पोट्ट्याइले तसंच वाढवलं."

"दिसूनच राह्यले ना तुमचे पोट्टे."

कलाबाईंनी त्या दिवशी विरजण दिलं नाही.

गुणवंतराव म्हणाले, "बाई, मी वाकायचं सोडलं, आता पाह्यचंही सोडू? मंग दुकानातून डोळे मिटून येऊ-जाऊ का?"

रुखमाबाई सगळ्यांत अवघड. त्यांना समजायचं, मान हलायची, आणि टेंभरूने पाय मोहावर ठेवला की हात आपोआप पदराच्या गाठीकडे जायचा. इंदुताईंनी अंगणवाडीतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि सासूबाईंशेजारी खाटेवर बसल्या. हात गाठीकडे गेला की टॉक्. हात मांडीवर आला की "शाब्बाऽऽस".

"मले कुत्रं समजली का गं?"

"नाई आत्याबाई. कुत्रं दोन दिवसात शिकलं."

आणि हेमराज? तो म्हणाला, "माह्याकडे पाहू नको. मी एक दाणा देत नाई त्याले. मी तं रागावतो."

तेही इंदुताईंनी पाहिलं. संध्याकाळी टेंभरूने मुद्दाम, हेमराजकडे बघत बघत, पाय मोहावर टाकला. हेमराज ताडताड गेला, पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि ओरडला, "तुले किती खेपा सांगू बे? आं? कोणाचं घर बुडवून राह्यला तू? आं? आं?" प्रत्येक 'आं'ला टेंभरू त्याची हनुवटी चाटत होता. हेमराजचं डोकं मागे, मान वर, तोंड हसू दाबून वाकडं.

"हे रागावणं होय?" इंदुताईंनी विचारलं.

"मंग काय होय?"

"तुम्ही उचलता. मोहावर गेलं का मालक उचलते, पोत्यावर बसलं तं मालक पाह्यतही नाई. सुकटीपेक्षा भारी लाच तुमचीच हाये."

हेमराजने पिल्लू खाली ठेवलं. मग बराच वेळ तो बैलांना विनाकारण पाणी दाखवत राहिला.

मिथुन आला तो भर दुपारी, लग्नाचे नवे कपडे घालून, खांद्याला मोकळी पिशवी. "एमी अक्का, बरं हाय ना?" करत आला, रुखमाबाईंच्या पाया पडला, आणि ओसरीत टेकला. त्याला अट सांगितली गेली होती. गल्लीलाही ठाऊक होती. म्हणून कलाबाई उगाच तांदूळ निवडायला ओसरीच्या कडेला येऊन बसल्या, आणि गुणवंतराव दुकान पोरावर सोपवून कुंपणाबाहेर, दुसरीकडे बघत, उभे राहिले.

अंगणात मोह पसरलेला, तपकिरी, वाळत आलेला. कडेला पोतं. पोत्यावर टेंभरू.

टेंभरू उठला. आळस दिला. कलाबाईंच्या बांगड्या थांबल्या. तो मोहाच्या कडेला गेला आणि पुढचा पाय मोहावर ठेवला. मान वळवून रुखमाबाईंकडे पाहिलं. रुखमाबाईंनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वर छताकडे बघायला लागल्या. कलाबाईंकडे पाहिलं, त्या तांदळात. गुणवंतरावांकडे, त्यांनी डोळे गच्च मिटलेले. हेमराजकडे. हेमराजच्या मानेची शीर फुगली, पण तो हलला नाही. टेंभरू तसाच उभा. जगाला काय झालं ते त्याला कळेना. मग त्याने पाय मागे घेतला, झटकला, आणि परत पोत्यावर जाऊन बसला.

"शाब्बाऽऽ..." इंदुताईंनी सुरुवात केली.

"अय्यो, मंची कुक्का! चांगलं कुत्रं!" मिथुनने आनंदाने टाळी वाजवली. "रा रा रा! इकडं ये!" आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून अख्खं बिस्किट अंगणाच्या पलीकडून हलवलं.

टेंभरू सरळ निघाला. बाणासारखा, मोहाच्या मधोमध, चारही पाय फुलांत, मागे धूळ आणि मोह उडवत, थेट मिथुनच्या मांडीवर.

"गेला," कलाबाई म्हणाल्या.

"मोहातून गेला," गुणवंतराव कुंपणाबाहेरून म्हणाले.

हेमराजने मिथुनकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "ठरलं होतं ते ठरलं होतं," तो म्हणाला. आवाज मात्र ठरल्यासारखा नव्हता.

इतके दिवस! भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, सासूच्या हाताला शिकवणं, कलाबाईंचं विरजण. आणि एका पाहुण्याचं एक बिस्किट. इंदुताई अंगणाच्या त्या टोकाला होत्या, पोत्यापाशी. ओरडावं असं फार वाटत होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी जिभेने टॉक् केलं आणि पोत्यावर थाप मारली.

मिथुनच्या मांडीवर टेंभरूचा उभा कान फिरला. बिस्किटाचा तुकडा तोंडात तसाच. तो खाली उतरला. मोहाच्या कडेपर्यंत आला, थांबला, सरळ समोर इंदुताई, मध्ये मोह. सगळे बघत होते. टेंभरू वळला. ओसरीच्या कडेने निघाला, कलाबाईंच्या सुपाला वळसा घातला, कुंपणाला घासत घासत, तुळशीमागून, अख्ख्या अंगणाची प्रदक्षिणा करून पोत्यावर येऊन बसला. एक फूल हललं नाही.

मिथुनने उरलेलं बिस्किट स्वतःच खाल्लं.

"तरी मोह तं खराब केलाच ना त्यानं," शेवटी हेमराज म्हणाला.

"त्यानं नाई केला," इंदुताई म्हणाल्या. "मिथुननं केला. मिथुनले पाठवा सिरोंच्याले."

कलाबाईंना ठसका लागला. मिथुन म्हणाला, "अक्का, मग देतेस का नाही?"

"नाई."

"बावा?" मिथुनने भाऊजींकडे, हेमराजकडे पाहिलं.

हेमराज म्हणाला, "मले नको विचारू. मी काई देत नाई, काई घेत नाई. मी पाह्यतही नाई."

इंदुताईंनी दोन टोपल्या आणून दोघांच्या पुढ्यात आदळल्या. "बसा. कचरा निवडा." मिथुन लग्नाच्या कपड्यांत उकिडवा बसला. रुखमाबाईंनी मांडीखालचे हात बाहेर काढले, गाठ सोडली आणि विचारलं, "आता देऊ का त्याले? बसला हाये."

"द्या."

"तुह्या कायद्याचं मले काई समजत नाई बाप्पा. वाईट वागला तं गप, चांगला वागला तं खर्च."

संध्याकाळी मिथुन मोकळी पिशवी घेऊन गेला. निवडलेला मोह पुन्हा पसरून झाला तेव्हा हेमराज अंगणात उभा होता. पाय पोत्यापासून हातभर लांब, हात पाठीमागे घट्ट धरलेले. टेंभरू त्याच्याकडे बघत होता आणि तो टेंभरूकडे बघत नव्हता.

"उद्या मोहाले नेतं का त्याले? नाल्यापलीकडे?"

"न्यावंच लागते. सवय लागली पाह्यजे."

"मी येऊ का संगं?"

"नको," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही उचलता."